डोर्ते परत आली ते वर्ष

इतेर्लाक खाडीतल्या लोकांना पाद्री एलियास रोस्टाडचे प्रवचन मनापासून आवडायचे, पण त्यात एलियासचे कर्तृत्व काही नव्हते. सगळी करामत त्याच्या मुलीची, डोर्तेची.

रविवारी व्यापाऱ्यांच्या कोठारासमोर उभा राहून एलियास आपल्या नॉर्वेच्या बोलीत घसा कोरडा पडेपर्यंत बोलायचा. पाप, कृपा, क्षमा, काही म्हणून सोडायचा नाही. शेजारी पिंपावर बसलेली आठ वर्षांची डोर्ते पाय हलवत ते सगळे ग्रीनलँडच्या भाषेत सांगायची, "बाबा म्हणतात, भांडू नका आणि एकमेकांना फसवू नका." बस्स, संपले. लोक माना डोलवायचे. एकदा त्याचे बोलणे फारच लांबले तेव्हा पोरगी म्हणाली, "बाबांचं अजून बरंच बाकी आहे. ज्यांना कुत्र्यांना खायला घालायचंय त्यांनी घालून या." निम्मी मंडळी उठून गेली आणि खरोखर परतही आली. एलियासला वाटले, लोकांच्या मनात धर्माची ओढ निर्माण होत आहे.

तो या किनाऱ्यावर उतरला तेव्हा डोर्ते तीन वर्षांची होती. एलियास वही आणि दौत घेऊन भाषा शिकायला बसला, आणि डोर्ते उजाराक शिकाऱ्याच्या मातीच्या घरात शिरली. उजाराक आणि त्याची बायको इवालु यांना तेव्हा मूल नव्हते. पोर दिवसभर त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्यातच लोळायची, वाळवलेले मासे चघळायची, संध्याकाळी अंगाला सीलच्या चरबीचा वास घेऊन घरी यायची. आई, मालेने, तिला घासून घासून धुवायची. वर्षभरात डोर्ते घडाघडा बोलायला लागली आणि बापाच्या वहीत चाळीस शब्द झाले, तेही तिनेच सांगितलेले.

इथल्या पाचव्या वर्षी, वर्षातून एकदा येणारे जहाज परत गेल्यावर पंधरा दिवसांनी तिला खोकला झाला. दहाव्या दिवशी दुपारी ती गेली. जमीन खडकाळ, खणता येत नव्हती, म्हणून तिच्यावर दगड रचले. ते रचायला उजाराकने हात दिला. इवालु रडून रडून बेजार झाली होती.

आणि त्यानंतर गावाने तिचे नाव टाकून दिले. दुसरा शब्द नाही त्याला. एलियास शब्दाला अडला की म्हणायचा, "डोर्ते असती तर तिने सांगितलं असतं," आणि समोरची माणसे एकदम गप्प व्हायची, कोणी उठूनच जायचे. गावातली सगळ्यांत जुनी बाई पुतु एकदा त्याच्यावर डाफरली, "गप्प बस ना रे!" एलियासच्या काळजात चर्र झाले. पाच वर्षे जिला यांनी अंगाखांद्यावर खेळवली तिची यांना आठवणसुद्धा नको झाली? मालेने म्हणाली, "पुसून टाकलं हो माझ्या पोरीला." त्यानंतर तिने त्या घरांकडे जाणे सोडले.

त्यातच ते पत्र. शेवटच्या जहाजाने आलेले, त्याला इथे पाठवणाऱ्या कोपनहेगनच्या मोठ्या लोकांचे. पाच वर्षांत एकाही माणसाचा बाप्तिस्मा नाही. पुढच्या जहाजापर्यंत काही फळ दिसले नाही तर गाशा गुंडाळून परत यावे. म्हणजे त्या दगडांखाली लेकीला एकटी टाकून जावे. एलियासने ते पत्र बायकोला दाखवले नाही. तशी ती काही विचारतही नव्हती.

फेब्रुवारीत इवालुला मुलगा झाला. चौथ्या दिवशी ती आणि उजाराक पाद्र्याच्या घरी आले. पाठीवरच्या झोळीतून बाळ काढून तिने थेट मालेनेच्या मांडीवर ठेवले.

"घे तुझी पोर. तीन दिवस डोकं उठवलं आमचं."

मालेनेला त्यांची भाषा जेमतेम कळायची. ती म्हणाली, "माझी?"

"मग कुणाची? पुतुम्हातारी एकेक नाव घेत गेली. माझ्या बापाचं घेतलं, उजाराकच्या आईचं घेतलं, हिचं आपलं भोकाड चालूच. मग म्हातारी म्हणाली, 'डोर्ते आहेस का गं?' तर एकदम गप्प. प्यायला लागली चुरूचुरू." इवालु हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "किती दिवस बाहेर थंडीत होती बिचारी. आणि पालसी, तू तर सारखा तिचं नाव काढायचास. अंगावर काटा यायचा आमच्या. ज्याला अजून अंग मिळालेलं नाही त्याला हाका मारू नयेत रे, तो भटकत राहतो. आता मार किती मारायच्यात त्या हाका."

पालसी म्हणजे पाद्री. आणि हे लोक त्याला अरेतुरेच करायचे. सगळ्यांनाच करायचे, अगदी राजा आला असता तर त्यालासुद्धा.

एलियासला आत्ता कळले. गावाने नाव टाकले नव्हते. गाव सबंध हिवाळाभर श्वास रोखून तिची वाट पाहत होते. त्याला बोलायचे होते एक आणि तोंडातून निघाले भलतेच. "पण हा मुलगा आहे."

"असू दे की," उजाराक म्हणाला. "या खेपेला मुलगा व्हावंसं वाटलं असेल तिला. कयाक होडीतून ने म्हणून माझा जीव खायची ना! आता नेईन."

मालेनेने बाळाची मूठ उघडली, एकेक बोट मोजले, आणि ते बाळ छातीशी धरून ती अशी रडली की एलियासला बाहेर निघून जावे लागले.

त्या दिवसापासून इवालु रोज बाळाला घेऊन यायची. आत पाऊल टाकतानाच बाळाच्या आवाजात ओरडायची, "आई, मी आले गं! बाबा, ओळखलंस का?" उजाराकने सील मारून आणला की पहिले काळीज पाद्र्याच्या दारात. "लेकीच्या आईबापाला," म्हणायचा. मालेने पुन्हा जेवू लागली, केस विंचरू लागली. एके सकाळी ती चूल पेटवताना गुणगुणत होती. एलियास पुस्तकात डोके घालून बसला होता आणि त्याला एकही ओळ दिसत नव्हती.

हा माणूस दुष्ट असता तर बरे झाले असते, निदान त्याच्यावर मनसोक्त रागावता आले असते. पण तो भला होता आणि घाबरलेला होता.

एका दुपारी इवालु बाळाला ठेवून लाकडे वेचायला किनाऱ्यावर गेली, मालेने बर्फ आणायला बाहेर पडली आणि घरात हे दोघेच उरले. बाळ रडायला लागले. एलियासने इकडेतिकडे पाहिले, मग त्याला उचलले. थोपटले, झुलवले, काही उपयोग होईना. मग त्याने आपल्या बोलीत हळूच हाक मारली, "डोर्ते."

बाळ रडायचे थांबले आणि टकामका त्याच्याकडे पाहू लागले.

"डोर्ते," तो पुन्हा म्हणाला, आणि मग त्याला आवरलेच नाही. "मला बोलताच येत नाही गं त्यांच्याशी. तू गेल्यापासून सगळे माझ्या तोंडाकडे नुसते बघतात. मी रात्रंदिवस प्रार्थना केली होती, पण नाही ऐकलं त्याने. तुला थंडी वाजत होती ना? किती दगड ठेवले मी तुझ्यावर." त्याच्या दाढीवरून आसवे बाळाच्या अंगावर पडत होती. आपली मुलगी हातात आहे याबद्दल त्या घटकेला त्याला तिळमात्र शंका नव्हती. इतके सुख त्याला पुन्हा कधी मिळाले नाही.

दार वाजले. त्याने चोरीचा माल टाकावा तसे बाळ घाईघाईने पाळण्यात ठेवले.

मग त्याला भीती वाटली. समुद्र ओलांडून जो समज मोडायला आलो, त्यात आपणच गुडघाभर रुतलो? या माणसांना सांगायचे काय मग? आणि डोर्ते जर इथे या पाळण्यात असेल, तर देवापाशी कोण आहे?

चार दिवसांनी उजाराक आपण होऊन आला. बाहेरच्या बाकावर टेकला, तंबाखू मागून घेतली आणि म्हणाला, "पालसी, आमच्या डोक्यावर तुझं पाणी घाल. माझ्या, इवालुच्या आणि तुझ्या लेकीच्या. आता आपण एकाच घरातले. ती एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या बाजूला, असं बरं दिसत नाही."

पाच वर्षे एलियासने याच शब्दांची वाट पाहिली होती. आणि आले तेही असे, नको त्या दारातून.

"घालीन," तो म्हणाला. "पण मुलाला ते नाव ठेवता येणार नाही. दुसरं ठेवू, पेडर."

उजाराक हसला. त्याला वाटले थट्टा चालली आहे. मग त्याने एलियासचा चेहरा पाहिला. "नाव ठेवायचं कुठे आहे? ती आलेलीच आहे."

"ती आलेली नाही. मेलेलं माणूस परत येत नाही, उजाराक. त्या मुलात दुसरं कोणी नाही."

"तू पाहिलंस?"

"मला माहीत आहे."

ही बातमी मालेनेला कळली तेव्हा ती पहिल्यांदा नवऱ्यासमोर उभी राहून भांडली. "तुमच्या आईचं नाव काय? तुमच्या आजीचंच ना? आपल्या बर्गनला गल्लीगल्लीत मेलेल्यांची नावं पोरांना ठेवतात. तिथे देव रागावत नाही, इथेच बरा रागावतो?"

"आपण आठवण म्हणून ठेवतो, मालेने. यांना वाटतं की ती खरंच आली."

"वाटू दे! मलाही वाटतं. काय बिघडलं?" तिचा आवाज फाटला. "तुम्हाला नाही वाटलं एकदासुद्धा? खरं सांगा."

एलियास खरे सांगू शकला असता. तेवढे एक वाक्य बोलला असता तर पुढचे सगळे टळले असते, असे मला वाटते. तो म्हणाला, "नाही."

इवालुची समजूत घालायला तो स्वतः गेला. ती ओट्यावर बाळाला पाजत होती. "नाव काढून घेतलंस तर ती बाहेर पडेल," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "पुन्हा थंडीत. आत्ता कुठे ऊब लागली तिला."

"ती बाहेर नाही आणि आतही नाही. ती देवाकडे आहे."

"मग हा रडायचा थांबला कसा?"

"बाळं रडतात आणि थांबतात, इवालु. त्याला कारण लागत नाही." हे बोलताना आपला आवाज दगडासारखा झाला आहे हे त्याचे त्यालाच ऐकू आले.

उजाराक दोन दिवस विचार करत होता. तिसऱ्या दिवशी त्याने निकाल दिला. बर्फाची पारख असलेला माणूस म्हणाला की इथे पाय टाकू नको, तर आपण टाकत नाही, त्याच्याशी वाद घालत बसत नाही. मेलेल्यांची पारख पालसीला असेल तर त्याचे ऐकायला हवे. तो एलियासला म्हणाला, "तू काही आमच्याशी खोटं बोलणार नाहीस. आणि तेही स्वतःच्या लेकीबद्दल."

ईस्टरला तिघांचा बाप्तिस्मा झाला. कोठारवाल्यांनी टोप्या काढल्या, एलियासने आपल्या मोडक्या भाषेत पाठ केलेले शब्द म्हटले. पाण्याचा थेंब पडताच बाळ किंचाळले आणि बराच वेळ गप्प झाले नाही. इवालु खाली मान घालून, ओठ घट्ट मिटून उभी होती. कोपनहेगनला लिहायचे पत्र एलियासच्या डोक्यात तयार होत होते. तीन जीव, पहिले फळ. आता परत जावे लागणार नव्हते. त्याला आनंद झाला होता, हे खोटे कशाला सांगा.

सगळे संपल्यावर मालेनेने सवयीने हात पुढे केले. इवालुने बाळाला झोळीत सरकवले.

"हा पेडर," ती म्हणाली. अगदी मऊ आवाजात, परक्या बाईशी बोलावे तशी. "याला आता घरी नेते. भूक लागली असेल."

मालेनेचे हात तसेच राहिले. त्या क्षणी एलियासला उमगले की आपण काय केले. या लोकांनी त्याचा शब्द वरवर ऐकला नव्हता, मुळापर्यंत मानला होता. बाळात डोर्ते नाही, तर बाळ पाद्र्याचे कोणी नाही. मालेने त्याची आई नाही. उजाराक नात्यातला नाही.

दारातले काळीज बंद झाले. उजाराक अजूनही मांस द्यायचा, पण सुया आणि तंबाखूच्या बदल्यात, जसे कोठारवाल्यांना द्यायचा. इवालु प्रार्थनेला न चुकता यायची आणि मागे बसायची. मालेने दोनदा सातूची लापशी घेऊन तिच्या घरी गेली. इवालुने तिला ओट्यावरची चांगली जागा दिली, पुढ्यात उत्तम मांस ठेवले, पाहुण्याला ठेवतात तसे. पेडर जमिनीवर रांगत होता. त्याने मालेनेच्या झग्याला हात घातला तेव्हा इवालुने त्याला उचलून बाजूला घेतले आणि म्हणाली, "त्रास देऊ नको बाईंना." तिसऱ्यांदा मालेने गेली नाही.

जहाज आले, पत्र गेले, पुढच्या जहाजाने शाबासकीही आली. गावातली आणखी अकरा माणसे बाप्तिस्म्याला तयार झाली. उजाराकच त्यांना शिकवायचा, एलियासपेक्षा कितीतरी चांगले. मालेने घरातली कामे करायची, विचारले तेवढे बोलायची. तिचे केस दोन वर्षांत पांढरे झाले.

मग त्या उन्हाळ्यात उजाराकची बहीण अविआजा उत्तरेकडून आली आणि तंबूत तिला मुलगी झाली. ही बातमी एलियासने जेवताना सांगितली. मालेनेने चमचा खाली ठेवला.

"विचारून तर बघा," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते."

त्याने माहीत नसल्याचे सोंग केले नाही. प्रार्थनेचे पुस्तक काखेत मारले, म्हणजे कोणी पाहिले तर कामासाठी आला असे वाटावे, आणि तो तंबूंकडे निघाला. सात-आठ वर्षांत जे जे सांगितले ते सगळे तो वाटेत मनातल्या मनात परत घेत चालला होता. मी चुकलो, असे म्हणायचे. पाय धरायची वेळ आली तर धरायचे.

तंबूबाहेर उजाराक भाला घासत बसला होता. अविआजा उन्हात बाळाला पाजत होती, इवालु कातडे ताणत होती. एलियास जमिनीवरच बसला.

"नाव ठेवलंत?"

"मारिया," उजाराक अभिमानाने म्हणाला. "पाणी तेवढं तू घाल. आता आम्ही आधी पुस्तकातलं नाव शोधतो, मग बाळ रडो नाहीतर हसो."

"मी म्हणत होतो..." एलियासने काखेतले पुस्तक मांडीवर ठेवले. "डोर्ते ठेवलं तर?"

कोणी दचकले नाही. अविआजाने नुसते कुतूहलाने विचारले, "डोर्ते कोण?"

"पालसीची मुलगी होती," उजाराक म्हणाला. "तू यायच्या आधीची गोष्ट. देवाकडे असते ती." मग त्याने भाला खाली ठेवला आणि एलियासच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पालसी, दमलायस तू. परत कोणी येत नसतं रे. मलाही पटायला जड गेलं होतं, पण पटलं. इथे सगळ्यांना पटवलंय मी. आता तिची वाट कोणी बघत नाही, तू काळजी करू नको."

एलियासने तोंड उघडले. मी चुकलो, हे दोन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते.

तेवढ्यात इवालु जवळ येऊन उकिडवी बसली. पेडर तिच्या पाठीमागून डोकावत होता, दोन वर्षांचा, गुबगुबीत.

"तुला एक सांगायचं होतं, पालसी. तू रागावशील म्हणून नाही बोलले," ती म्हणाली. "नाव काढून घेतलं त्यानंतर मी किती दिवस दाराबाहेर दिवा ठेवायची. वाटायचं, मीच तिला बाहेर काढलंय. सबंध हिवाळा ठेवला. मग म्हटलं, पालसी बाप आहे तिचा, तो कशाला खोटं सांगेल? आणि विझवला." तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले, आणि तिच्या डोळ्यांत जुनी भीती उतरली. "ती तिथेच आहे ना रे? उबेत आहे ना? तुझ्या भरवशावर सोडलंय मी तिला."

पेडरने आईचा कान ओढला. अविआजाचे बाळ पिता पिता झोपले होते. इवालु उत्तराची वाट पाहत होती.

"हो," एलियास म्हणाला. "उबेत आहे."

इवालुने मोठा सुस्कारा सोडला, मुलाचे नाक पुसले आणि ती पाणी आणायला ओढ्याकडे गेली. एलियास उठला. घरी मालेने दारात उभी असणार होती, आणि तिला जाऊन सांगायचे होते.